सायकलवर देशोदेशी: खर्च किती, कागद कोणते आणि वालिदैननी होकार कधी द्यावा?

कर्जत-खालापूर भागात शिकवताना गेल्या दोन-तीन वर्षांत एक सवाल आमच्यासमोर वारंवार येतोय. शाळेतली मुलं विचारतात, शाळा सोडून आयटीआय किंवा कॉलेजला गेलेलीही विचारतात, "सर, सायकलने परदेशात जाता येतं का? किती पैसे लागतील?" मोबाइलवर कुणी सायकलवर तंबू बांधून देश ओलांडताना दिसतो आणि मुलांच्या डोक्यात ते बसतं. मग आठ-पंधरा दिवसांनी त्यांचे अब्बा किंवा अम्मी भेटतात. त्यांचा सवाल वेगळा असतो: "सर, हा वेड्यासारखं काहीतरी बोलतोय. याला समजवा."

आम्हाला वाटतं, समजवण्याची गरज दोन्ही बाजूंना आहे. हे वेड नाही, आणि व्हिडिओत दिसतं तितकं सोपंही नाही. म्हणून आज हा विषय हिशेबासकट मांडतो आहोत.

ही गोष्ट शंभर वर्षं जुनी आहे

१५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलवर जगाच्या सफरीला निघाले. बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे हे पोरगे. हातात ना मोबाइल, ना नीट नकाशे. पंजाब, बलुचिस्तान, इराण, इराक, सीरियाचं वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, कोरिया, चीन असा फेरा मारून त्यातले तिघे, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा, मार्च १९२८ मध्ये मुंबईत परतले. साडेचार वर्षांच्या आसपास काळ आणि सुमारे ७१,००० किलोमीटर. त्यांनी लिहिलेल्या पुस्तकाला जवाहरलाल नेहरूंनी प्रस्तावना लिहिली होती. बाकीचे तिघे वेगवेगळ्या कारणांनी मध्येच थांबले. म्हणजे सहातले निम्मेच पूर्ण करू शकले, हेही लक्षात ठेवा.

१९२४ मध्ये मुंबईचेच फ्रामरोज दावर एकटे निघाले. व्हिएन्नात त्यांना गुस्ताव स्ताव्यानिक नावाचा ऑस्ट्रियन जोडीदार मिळाला. पुढे दोघांनी सहारा ओलांडलं, अँडीज पर्वत आणि ॲमेझॉनचं जंगल पार केलं आणि १९३१ पर्यंत ५२ देश पाहिले.

बाईमाणसांचं उदाहरण हवं असेल तर आयर्लंडच्या डर्व्हला मर्फी. दहाव्या वाढदिवसाला त्यांना सायकल आणि नकाशांचं पुस्तक भेट मिळालं, तेव्हाच त्यांनी सायकलने हिंदुस्तानात जायचं ठरवलं. पण आई आजारी होती. आईची सेवा करण्यासाठी त्यांनी चौदाव्या वर्षी शाळा सोडली. आई-वडील दोघेही गेल्यानंतर, वयाच्या ३१ व्या वर्षी, जानेवारी १९६३ मध्ये त्या निघाल्या. युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असं करत दिल्लीला पोहोचल्या. सगळा खर्च सुमारे ६४ पौंड. वीस वर्षं इरादा मनात ठेवला, पण घरची जबाबदारी टाकून निघाल्या नाहीत. ज्या मुलांना आजच्या आज निघायचं आहे, त्यांनी हे जरूर वाचावं.

आणि आपल्या महाराष्ट्राची वेदांगी कुलकर्णी. पुण्याची ही मुलगी इंग्लंडमध्ये शिकत असताना, जुलै २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून निघाली आणि डिसेंबरमध्ये कोलकात्यात पोहोचली. १५९ दिवस, १४ देश, सुमारे २९,००० किलोमीटर, आणि यातला बहुतेक रस्ता एकटीने. कॅनडात अस्वल मागे लागलं, स्पेनमध्ये चाकूचा धाक दाखवून लुटलं गेलं आणि डोक्याला मार लागला, रशियात बर्फात रात्री काढाव्या लागल्या. व्हिसाच्या अडचणी वेगळ्याच. तिच्यामागे घरच्यांचा पैसा आणि पाठिंबा भक्कम होता, हेही तितकंच खरं.

मग आज रस्ता कुठे अडतो?

१९२३ ची मुलं मुंबईहून थेट जमिनीवरून इराणात शिरू शकली, कारण मधल्या सरहद्दी तेव्हा नव्हत्या. आज नकाशा बघा. पश्चिमेला पाकिस्तान. २०२५ पासून अटारी-वाघाचा रस्ता बंद आहे. त्याआधीही व्हिसा मिळणं मुश्कील होतं. केरळचे शिहाब चोट्टूर जून २०२२ मध्ये पायी हजला निघाले, ही बातमी आपल्यापैकी बहुतेकांनी वाचली आहे. पंजाबात पोहोचून त्यांना पाकिस्तानच्या व्हिसासाठी काही महिने थांबावं लागलं. २०२३ मध्ये तो मिळाला आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते मक्केत पोहोचले. कोझिकोडचे अभियंते फैज अशरफ अली १५ ऑगस्ट २०२२ ला तिरुवनंतपुरमहून लंडनच्या दिशेने सायकलवर निघाले. पाकिस्तानचा व्हिसा न मिळाल्याने त्यांनी मुंबईहून विमानाने ओमान गाठलं आणि तिथून पुढे पॅडल मारलं.

पूर्वेला म्यानमार आहे. तिथली लढाई पाहता तो रस्ता धरू नये. उत्तरेला हिमालय आणि चीन. म्हणजे सायकलवाल्यासाठी हिंदुस्तान आज जवळजवळ बेटासारखा आहे. नेपाळ, भूतान आणि बांगलादेश सोडले तर पहिला टप्पा विमानानेच करावा लागतो. "कर्जतहून निघालो आणि सायकलनेच लंडनला पोहोचलो" हे ऐकायला छान वाटतं, पण सध्या ते होणं नाही. हे ज्याला आधी समजलं, त्याचा पैसा आणि वेळ दोन्ही वाचतात.

कागदपत्रे: स्वस्त प्रवासातला सगळ्यात महाग भाग

पहिली गोष्ट पासपोर्ट. ३६ पानी साध्या पासपोर्टची फी १,५०० रुपये आहे. तत्काळ हवा असेल तर २,००० वाढतात. दहावी पास असाल तर ईसीआर शिक्का लागत नाही, तेव्हा दहावीचं प्रमाणपत्र जोडायला विसरू नका. नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव यांचं स्पेलिंग आधार, शाळेचा दाखला आणि पासपोर्टवर एकसारखं हवं. आपल्याकडे एकाच मुलाचं नाव एका कागदावर "शेख", दुसऱ्यावर "शैख", तिसऱ्यावर आडनावच नाही, असं सर्रास असतं. पुढचे निम्मे त्रास इथूनच सुरू होतात.

सायकलसाठी वेगळा परवाना लागत नाही. मोटारसायकल किंवा गाडी परदेशात नेताना कार्नेट नावाचा महागडा कागद आणि मोठी हमी लागते. सायकल त्यातून सुटते. गरिबाचं वाहन इथे खरंच फायद्याचं ठरतं.

व्हिसाचा खेळ मात्र समजून घ्या. युरोपच्या शेंगेन व्हिसाची फी ९० युरो आहे. त्यावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. किमान ३०,००० युरोंचं विमा संरक्षण लागतं. शिवाय अर्ज प्रवासाच्या फार तर सहा महिने आधी करता येतो, आणि साधारणपणे तो आपण जिथे राहतो त्या देशातूनच करावा लागतो. आता विचार करा. जो माणूस आठ महिने सायकल मारत युरोपच्या दारात पोहोचणार आहे, तो घरातून निघताना हा व्हिसा घेऊच शकत नाही. यावर एक सोपा उपाय आहे: सफरीचे तुकडे करा. एकदा दक्षिण-पूर्व आशिया, दुसऱ्या वेळी मध्य आशिया, तिसऱ्या वेळी युरोप. प्रत्येक वेळी विमानाने जा, दोन-तीन महिने फिरा, घरी या. नोकरी आणि घर दोन्ही सांभाळली जातात.

दुसरी गंमत बँकेची. तुम्ही दिवसाला हजार रुपयांत राहणार असाल, पण व्हिसा देणाऱ्याला तुमच्या खात्यात व्यवस्थित रक्कम दिसायला हवी. मागचे काही महिने खातं कसं चाललं, उत्पन्न कुठून येतं, परत यायला काय कारण आहे, हे तो पाहतो. ऐन वेळी मामूंकडून दोन लाख घेऊन खात्यात टाकले तर ते लगेच कळतं आणि अर्ज फेटाळला जाऊ शकतो. एक-दोन वर्षं नियमित कमाई खात्यात जमा होणं, हीच खरी तयारी.

सोप्या देशांची नावं ऐकायची असतील तर ऐका. व्हिएतनामचा ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंत मिळतो आणि एकदा प्रवेशाची फी २५ डॉलर आहे. भूतानला व्हिसा लागत नाही, पण आपल्या नागरिकांना दर रात्री १,२०० रुपये विकास शुल्क भरावं लागतं, त्यामुळे बजेटवाल्यांसाठी तो जड जातो. नियम वरचेवर बदलतात. म्हणून निघण्याआधी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः तपासा, व्हिडिओवाल्याच्या भरवशावर राहू नका.

पैसा: हिशेब असा मांडावा

सायकलवर प्रवास स्वस्त का पडतो? भाडं नाही, पेट्रोल नाही. उरतं खाणं, राहणं आणि दुरुस्ती. जर्मनीचे हाइन्झ स्टुके १९६२ मध्ये घरातून निघाले आणि पन्नास वर्षांहून जास्त काळ सायकलवर जगभर फिरत राहिले. स्वतःच्या सफरीची छोटी पुस्तिका आणि फोटो विकून त्यांनी खर्च भागवला. पण त्यांनी ना संसार थाटला, ना घर उभं केलं. स्वस्त प्रवासाचीही किंमत असते, ती फक्त पैशात मोजता येत नाही.

पहिल्या परदेशी सफरीसाठी आम्ही नेपाळ सुचवतो. व्हिसा नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. भाषा समजते. काही बिघडलं तर दोन-तीन दिवसांत घरी पोहोचता येतं. कल्याणहून रेल्वेने गोरखपूर, सायकल ब्रेकव्हॅनमध्ये बुक करून. तिथून सुनौलीची सरहद्द साधारण ९५ किलोमीटर. पुढे बुटवल, पोखरा, काठमांडू आणि दामनचा डोंगर ओलांडून हेटौडा, बीरगंज, रक्सौल. एकूण सातशे किलोमीटरच्या आसपास. २४ दिवसांचा आमचा अंदाज असा:

- रेल्वे येणं-जाणं, सायकलच्या भाड्यासह: ३,००० रुपये
- जेवण, रोज ४०० प्रमाणे: ९,६०० रुपये
- राहणं, सरासरी ५०० प्रमाणे: १२,००० रुपये
- दुरुस्ती, सिमकार्ड, किरकोळ: ४,००० रुपये
- विमा आणि औषधं: २,००० रुपये

एकूण ३०,६०० रुपये. यावर १५,००० राखीव ठेवा. ही रक्कम वेगळ्या खात्यात, घरच्या माणसाला माहीत असलेली, आणि फक्त आजारपण किंवा परतीसाठी. ज्याच्याकडे राखीव रक्कम नाही, त्याने निघू नये. परतीचं भाडं नसलेला मुसाफिर दुसऱ्यांवर ओझं होतो.

मोठ्या सफरीचा हिशेबही करून पाहू. सहा महिने म्हणजे १८० दिवस. स्वस्त देशांत तंबू, स्टोव्ह आणि साधं खाणं धरून रोज १,५०० रुपये लावले तरी २,७०,००० होतात. विमान, व्हिसा आणि विमा यांचे दीड लाख धरा. सव्वाचार लाखांच्या घरात जातं, तेही सायकल सोडून. पश्चिम युरोपात याहून जास्त. "शून्य रुपयांत जगप्रवास" म्हणणाऱ्यांचा खर्च कुणीतरी दुसरा करत असतो, इतकंच.

एक गोष्ट साफ बोलतो. यासाठी कर्ज काढू नका, बहिणीच्या लग्नाच्या पैशाला हात लावू नका, अम्मीचे दागिने गहाण ठेवू नका. वर्गणी मागायचा प्रकारही आजकाल वाढला आहे. जकातीच्या आठ मसारिफांमध्ये मुसाफिर येतो हे खरं, पण तो वाटेत अडकलेला मुसाफिर. हौसेच्या सफरीचं बजेट जकातीवर बांधणं ही वेगळी गोष्ट झाली. कमवा, साठवा आणि मग जा. दोन वर्षं उशीर झाला तर रस्ता कुठे पळून जात नाही.

सायकल कशी असावी?

लाखाची सायकल लागत नाही. लोखंडी, म्हणजे स्टीलची फ्रेम चांगली, कारण ती तुटली तर कुठल्याही गावात वेल्डिंग होते. जाड टायर, कमी गिअरमध्ये चढ चढता येईल अशी रचना, मागे मजबूत कॅरिअर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पाणी न शिरणाऱ्या पिशव्या. सामान पाठीवर घ्यायचं नाही, सायकलवर टाकायचं. सुटे भाग सहज मिळतील अशीच सायकल घ्या. महागड्या सायकलचा एक खास भाग छोट्या गावात मिळाला नाही तर तिथेच आठवडा जातो.

सोबत काय? दोन ट्यूब, पंक्चरचं सामान, पंप, चार-पाच आरे, चेनची जोडकडी, ब्रेक शू, पाने आणि पेचकस, पुढे-मागे दिवा, हेल्मेट आणि चार लिटर पाण्याची सोय. कपडे दोन जोड. पंधरा किलोच्या वर सामान गेलं की काहीतरी काढा. घाटात प्रत्येक किलो जाणवतो. आपल्या कर्जत स्टेशनवर घाट चढायला गाडीला मागून बँकर इंजिन लावतात. तुम्हाला मागून ढकलायला कुणी येणार नाही.

आणि सायकल दुरुस्ती शिका. कर्जत, नेरळ, खोपोली, चौक, कुठल्याही पंक्चरवाल्या चाचांकडे सुट्टीत पंधरा दिवस बसा. पंक्चर काढणं, रिमचा आउट काढणं, चेन तोडून जोडणं, फ्रीव्हील साफ करणं हे हाताला यायला हवं. यासाठी कुठल्याही कोर्सची गरज नाही. चाचांना आधी सलाम करा आणि विचारा, ते खुशीने शिकवतील.

विमानाने सायकल नेताना पॅडल काढायचे, हँडल वळवायचं, चाकांतली हवा कमी करायची आणि खोक्यात भरायची. सायकलच्या दुकानात रिकामी खोकी पडलेली असतात.

सराव आपल्या दारात

अल्लाहने आपल्या तालुक्यांना सरावासाठी हवं ते सगळं दिलं आहे. सपाट रस्ता हवा तर कर्जत ते चौक. चढ हवा तर खोपोलीहून शिंग्रोबाच्या बाजूने खंडाळा, जवळजवळ पाचशे मीटरची चढण. एक्सप्रेसवेवर सायकलला मनाई आहे, तिकडे फिरकू नका. जुन्या रस्त्यालाही पहाटे जा. उतारावर ट्रकचे ब्रेक जातात, तेव्हा ट्रकच्या पुढे उतरू नका. पावसाळ्यात दरड आणि धुकं असतं, त्या दिवसांत घाट टाळा.

टप्पे असे ठेवा. पहिले दोन महिने आठवड्यातून तीन दिवस ३० किलोमीटर. मग रविवारी ८०. त्यानंतर पूर्ण सामान लादून खोपोली, पाली, वाकण, रोहा करत मुरूड-जंजिरा. साधारण शंभर-सव्वाशे किलोमीटरचा रस्ता आहे. एक दिवस जाणं, एक दिवस थांबणं, एक दिवस येणं. या तीन दिवसांत कळतं की सीटवर बसून काय दुखतं, किती पाणी लागतं आणि एकट्याने रात्र काढताना मन काय म्हणतं. अनेकांची हौस इथेच फिटते, आणि त्यात काही कमीपणा नाही.

ज्यांना स्वतःची परीक्षा घ्यायची आहे, त्यांच्यासाठी ऑडॅक्स इंडियाच्या सायकल सफरी असतात. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर २० तासांत, असे टप्पे. ही शर्यत नसते, वेळेत पूर्ण करायचं असतं. मुंबई-पुण्यातले क्लब त्या भरवतात.

धोका आणि खबरदारी

सगळ्यात मोठा धोका चोर किंवा जनावर नाही, मागून येणारी गाडी आहे. अंधारात चालवू नका. दिवस मावळण्याच्या दोन तास आधी मुक्काम शोधा.

मुक्कामासाठी लॉज, धर्मशाळा, गुरुद्वारा, पेट्रोल पंप, शाळेचं आवार असे पर्याय असतात. वॉर्मशॉवर्स नावाच्या जाळ्यात सायकलवाले एकमेकांना घरी उतरवून घेतात. मशिदीत थांबायचं असेल तर इमामसाहेबांना आणि ट्रस्टींना विचारा, ओळखपत्र दाखवा आणि नाही म्हणाले तर नाराज होऊ नका. हल्ली त्यांच्यावरही जबाबदारी असते.

आपल्या मुलांना एक गोष्ट खास सांगायची आहे. सरहद्दीजवळ, पुलांवर, लष्करी ठाण्यांजवळ फोटो किंवा व्हिडिओ काढू नका. परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन हिंदुस्तानात बेकायदा आहे, परदेशी व्हिडिओ पाहून तो मागवू नका. ड्रोनचंही तसंच. पोलिसांनी थांबवलं तर शांतपणे कागद दाखवा, कुठून कुठे चाललो ते सांगा, हुज्जत नको. अनोळखी माणसाची पिशवी किंवा पार्सल, मग ते औषध असो की मिठाई, सरहद्दीपलीकडे नेऊ नका. व्हिसाची मुदत संपण्याआधी देश सोडा. थायलंडमध्ये जास्त राहिल्याचा दंड दिवसाला ५०० बात आहे, आणि दंडापेक्षा वाईट म्हणजे पुढचे व्हिसा अडतात.

रोज ठरलेल्या वेळी घरी संदेश. लोकेशन घरातल्या दोघांना. पासपोर्टची झेरॉक्स घरी, एक सायकलवर, एक ई-मेलमध्ये.

सफर आणि दीन

इब्ने बतूता १३२५ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, टँजियरहून हजसाठी एकटे निघाले आणि पुढची पंचवीस-एक वर्षं सफरीत राहिले. सफर आपल्याला परकी नाही. शरीयतने मुसाफिराला सवलत दिली आहे. मसलकानुसार साधारण ७८ ते ८२ किलोमीटरच्या पुढच्या सफरीत चार रकातच्या फर्ज नमाजा दोन होतात. आपल्या कोकणातले बहुतेक लोक शाफई आहेत. त्यांच्याकडे जोहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र पढण्याचीही सोय आहे, हनफींकडे तशी नाही. एका जागी किती दिवस थांबलं की मुसाफिर राहत नाही, यातही फरक आहे. निघण्याआधी आपल्या आलिमांकडून हे नीट समजून घ्या.

सायकलने हज किंवा उमरा करण्याची इच्छा अनेकांची असते. नियत उत्तम आहे. पण हजसाठी हजचाच व्हिसा लागतो, टुरिस्ट व्हिसावर हज करता येत नाही. परमिटशिवाय पकडलं गेल्यास मोठा दंड होतो आणि परत पाठवलं जातं. उमरा टुरिस्ट व्हिसावर होऊ शकतो. आणि हज ज्याला ऐपत आहे त्याच्यावर फर्ज आहे. घरच्यांना उघड्यावर टाकून सायकलवर निघणं कुणी सांगितलेलं नाही.

मुलींचं काय?

वेदांगी किंवा डर्व्हला यांच्याबद्दल बोललो की मुली लक्ष देऊन ऐकतात, हे आम्ही वर्गात पाहतो. मुलींच्या एकट्या लांब सफरीबाबत घरोघरी मत वेगळं आहे आणि त्याचा फिकही मसलाही आहे. तो निर्णय घरच्यांनी आलिमांशी बोलून घ्यावा. आमचं म्हणणं त्याआधीच्या एका साध्या गोष्टीबद्दल आहे. आपल्या वाड्या-वस्त्यांतल्या कितीतरी मुलींची सायकल सातवी-आठवीत बंद होते. "आता मोठी झालीस." मग शाळा चार किलोमीटर लांब, एसटी वेळेवर नाही, रिक्षाचे पैसे नाहीत, आणि नववीनंतर शिक्षण थांबतं. जगाची फेरी राहू द्या, पण शाळेपर्यंतचा रस्ता तरी मुलीच्या सायकलला खुला ठेवा. चार-पाच मुली मिळून एकत्र जाऊ शकतात.

वालिदैनसाठी

मुलाने हा विषय काढला तर "डोकं फिरलंय का" म्हणून तोंड बंद करू नका. तोंड बंद केलं की मूल गप्प बसतं, इरादा सोडत नाही. एखादा न सांगता निघून जातो, आणि मग फोन येतो तो कुठल्या तरी अनोळखी स्टेशनवरून. त्यापेक्षा अटी घाला. आमच्या मते पाच अटी पुरेशा आहेत: शिक्षण किंवा हातातला हुन्नर पूर्ण, एक वर्षाची स्वतःची बचत, सामानासह जंजिऱ्यापर्यंतची सफर, सायकल स्वतः दुरुस्त करता येणं आणि पासपोर्टसह सगळे कागद तयार. यात दीड-दोन वर्षं जातात. ज्याची हौस वरवरची होती, तो दुसऱ्या अटीपर्यंत थकतो. जो पाचही पूर्ण करतो, तो मुलगा तोपर्यंत कमावता, शिस्तीचा आणि जबाबदार झालेला असतो. त्याला नेपाळपर्यंत जायला दुआ देऊन पाठवा, परतल्यावर पुढचं बोला.

आणि मुलांनो, अम्मी-अब्बांची भीती ही तुमच्यावरच्या अविश्वासातून येत नाही. त्यांनी पासपोर्ट, व्हिसा, पोलीस आणि परदेश यांबद्दल जे ऐकलंय त्यातून ती येते. ती हिशेबाच्या वहीने कमी होते, वादाने नाही. आजच एक वही घ्या. पहिल्या पानावर बचत लिहा, दुसऱ्यावर किलोमीटर. दर महिन्याला ती वही घरच्यांपुढे ठेवा. अल्लाह तुमची सफर आसान करो आणि सलामत घरी आणो. आमीन.